देखरेखीची शेकडेवारी : नगर-जलाशयांच्या हिशेबातील शेवटची ओळ

महाराष्ट्रातील नगरांच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास आजवर बहुधा तीन प्रश्नांभोवती लिहिला गेला आहे. जलाशय कोणी व केव्हा बांधला, त्याचा पैसा कोठून आला, आणि त्यातून किती लोकांची तहान भागली, हे ते तीन प्रश्न होत. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. काम चालू असताना त्यावर नजर कोणी ठेवली, आणि त्या नजरेचा मोबदला कोणाकडून व कोणत्या हिशेबाने वसूल झाला? पाणीपुरवठ्याच्या कामाचे अंदाजपत्रक उघडावे. माती, दगड, चुना, लोखंड, मजुरी ह्यांची बारीकसारीक मापे देऊन झाल्यावर अखेरीस एक ओळ येते : आस्थापना व हत्यारे, शेकडा अमुक. वरच्या प्रत्येक बाबीला माप आहे आणि दर आहे. ह्या एका बाबीला माप नाही, केवळ प्रमाण आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ही शेवटची ओळ होय.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु वाशीम जिल्ह्यासारख्या प्रदेशाकडे पाहिले असता तो तसा नाही हे ध्यानात येते. अकोला जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा तापी आणि गोदावरी ह्या दोन खोऱ्यांच्या दुभाजकावर वसलेला आहे. नद्या येथे उगम पावतात व बाहेर वाहून जातात. ह्या डोंगराळ भागातून निघालेली काटेपूर्णा पुढे महान येथे अडविली आहे आणि तिच्या पाण्यावर अकोला शहर जगते. खुद्द वाशीम नगराला एकबुर्जीच्या जलाशयाचा आधार आहे, तर कारंज्याला अडाणच्या धरणाचा. जिल्ह्यात वाशीम, कारंजा, रिसोड व मंगरूळपीर ह्या नगरपरिषदा, आणि मालेगाव व मानोरा ह्या नगरपंचायती. ह्यांपैकी एकाही नगराची वस्ती २०११ च्या जनगणनेत एक लाखापर्यंत पोचलेली नव्हती. अशा नगराला जुनी टाकी पाडून नवी बांधावयाची असते, तेव्हा तांत्रिक मान्यता आणि बांधकामावरील देखरेख ह्या दोन्ही गोष्टी तिला बाहेरून विकत घ्याव्या लागतात. त्या कोणत्या भावाने मिळतात आणि मोबदल्यात प्रत्यक्ष हातात काय पडते, ह्यावर पुढील तीस-चाळीस वर्षे ती टाकी गळणार की टिकणार हे अवलंबून राहते.

ह्याच वाशीमला देखरेखीचा एक निराळा, जुना नमुनाही पाहावयास मिळतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांच्या पदरी उदयास आलेल्या भवानी काळू ह्यांनी येथे बालाजीचे मंदिर बांधविले, आणि मंदिराशी निगडित असा दगडी बांधणीचा देव तलावही त्यांच्याच नावावर सांगितला जातो. त्या काळच्या व्यवस्थेत देखरेख हे खर्चाचे स्वतंत्र सदर नव्हते. बांधविणारा धनी, त्याचा कारकून आणि पाथरवटांचा नायक हे एकमेकांना ओळखणारे लोक असत. कारकुनाचे वेतन धन्याच्या सरंजामातून निघे, कामाच्या खर्चातून नव्हे. काम पुण्यप्रद मानले जाई आणि त्यात कसर राहिली तर अपकीर्ती धन्याची होई. ही व्यवस्था आदर्श होती असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. वेठबिगार तीत होतीच, आणि धनी गेला की तलावाचा गाळ काढणारा कोणी उरत नसे. एवढेच नोंदवावयाचे की तीत पाहणाऱ्याचा लाभ कामाच्या आकाराशी बांधलेला नव्हता.

तो बांधला गेला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. तत्पूर्वी कंपनी सरकारची बांधकामे लष्करी मंडळांच्या हाती असत. त्यांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्यावर लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत, १८५४-५५ च्या सुमारास, स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खाते अस्तित्वात आले. नव्या खात्याला साहेब इंजिनिअर विलायतेहून मिळणार होते, परंतु रोज उन्हात उभे राहून चुन्याची घाणी व मजुरांची हजेरी पाहणारा दुय्यम नोकरवर्ग येथेच तयार करणे भाग होते. त्यासाठी १८५४ साली पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला. आज अभियांत्रिकी विद्यापीठाच्या पदवीस पोचलेली ती संस्था मुळात देखरेख करणारी माणसे घडविण्यासाठी निघाली, ही गोष्ट तिच्या गौरवपर इतिहासांत सहसा ओझरती येते. ओव्हरसियर हा शब्द मराठीत रुळला तो ह्याच खात्यामुळे.

खात्याने देखरेखीची दोन साधने रूढ केली, आणि ती अद्याप टिकून आहेत. पहिले म्हणजे मोजमाप-पुस्तक. झालेले काम प्रत्यक्ष मोजून त्याच जागी शाईने नोंदवावयाचे, पाने क्रमांकित असावयाची, खाडाखोड करावयाची नाही, आणि वरिष्ठाने काही मापे पुन्हा स्वतः घेऊन सही करावयाची. ठेकेदाराला मिळणाऱ्या प्रत्येक रुपयाचे मूळ ह्या वहीत असे. दुसरे साधन हिशेबाचे. खाते जेव्हा दुसऱ्या संस्थेचे काम तिच्या अनामत रकमेतून करी, तेव्हा प्रत्यक्ष खर्चावर आस्थापनेचा व हत्यारांचा आकार शेकडेवारीने लावी. पहिले साधन काम पाहण्याचे आणि दुसरे पाहण्याची किंमत वसूल करण्याचे. ह्या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असावा, अशी तजवीज मात्र कोठेही नव्हती. अधिकारी कामावर किती दिवस गेला, त्याने किती मापे पुन्हा घेतली, ह्यावर शेकडा आकार कमीजास्त होत नसे.

मुंबईच्या विहार तलावाच्या कामात ह्या विसंगतीचे पहिले मोठे परिणाम दिसले. १८५४ च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याचा दुष्काळ पडला, आणि मिठी नदीच्या खोऱ्यात धरण बांधण्याची जी कल्पना आठ-नऊ वर्षे कागदावर होती तिला गती मिळाली. शहराच्या आरोग्य-मंडळाचे अभियंता हेन्री कॉनिबेअर ह्यांनी योजना आखली. जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये पुरे झाले. पैसा सरकारने आगाऊ दिला. त्याची फेड नगराने करावयाची होती. खर्च मूळ अंदाजाच्या बराच पलीकडे गेला. म्हणजे काम ठरविणारा एक, खर्च करणारा दुसरा व कर भरणारा तिसरा. देखरेख सरकारची असल्याने तीतील उणिवेचा जाब नगराला विचारता येईना, आणि कर्ज नगराचे असल्याने सरकारला त्याची झळ लागेना.

ही झळ ज्यांना लागली ते करदाते १८७१ मध्ये उठले. आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर होते. त्यांनी शहर स्वच्छ केले, रस्ते व बाजार बांधले आणि तिजोरी रिकामी केली, ह्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जेम्स फोर्ब्स ह्यांनी जस्टिसांच्या सभेत कारभाराची पद्धतच बदलण्याची सूचना आणली. तरुण फिरोजशहा मेहता ह्यांनी त्या वादात लोकप्रिय नसलेली बाजू घेतली. दोष काम करणाऱ्या अधिकाऱ्याचा नसून त्याच्यावर नजर ठेवावयाची ज्यांची जबाबदारी होती त्या सभेचा आहे. एक कर्ता अधिकारी असू द्या, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेली सभा बसवा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची सभा आली व त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावयाचे ठरले. खर्चावर देखरेखीसाठी बारा जणांची नगरसमिती बसली. आपल्याकडे नागरी लोकशाहीचा प्रारंभ म्हणून ह्या कायद्याकडे पाहण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. परंतु मतदानाच्या हक्काची ही मागणी मूलतः बिलांवर नजर ठेवण्याच्या हक्काची मागणी होती, हेही विसरता कामा नये.

मुंबईच्या करदात्यांची तक्रार वरून खाली पाहणाऱ्यांची होती. तीच गोष्ट खालून पाहणारा एक साक्षीदार त्याच दशकात पुण्यास होता. पुण्याच्या पश्चिमेस मुठा नदीवर खडकवासल्याचे दगडी धरण १८६९ ते १८७९ ह्या काळात कर्नल फाइफ ह्यांच्या योजनेनुसार उभे राहिले. शहर, छावणी आणि कालव्याखालील शेती ह्या तिहींना त्याचे पाणी मिळावयाचे होते. सरकारी बांधकामांना माल पुरविणारे ठेकेदार म्हणून जोतीराव फुले ह्यांचा ह्या खात्याशी प्रत्यक्ष संबंध आला. ‘गुलामगिरी’ (१८७३) ह्या ग्रंथाला जोडलेल्या रचनांत इंजिनिअर खात्यातील कामगारांच्या वर्तनावर एक पवाडा आहे, आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) ह्या ग्रंथातही हे खाते पुन्हा येते. जातिवर्चस्वाची टीका म्हणून ह्या मजकुराचे वाचन झाले आहेच. बांधकामाच्या इतिहासाचे साधन म्हणून ते व्हावयाचे आहे. साहेबाच्या नजरेआड कारकून मंडळी गोरगरिबांना कशी नाडतात हे फुले सांगतात, आणि त्याबरोबरच मोठ्या पगारांच्या गोऱ्या अंमलदारांचा खर्च अखेर शेतकऱ्याच्या डोक्यावर बसतो हेही सांगतात. म्हणजे देखरेखीच्या खर्चाचे दोन भाग त्यांनी ओळखले होते : वहीत लिहिला जाणारा पगार, आणि वहीत न लिहिली जाणारी लूट. पहिला भाग वाढविल्याने दुसरा आपोआप घटतो, ही खात्याची समजूत होती. फुल्यांच्या अनुभवास ती उतरली नव्हती. ‘असूडा’त ते आणखी एक व्यावहारिक गोष्ट मागतात. कालव्याचे पाणी शेतकऱ्याला तोटी बसवून मापून द्यावे. कामाचे मोजमाप खाते करी. कामापासून मिळालेल्या फळाचे मोजमाप त्यांना हवे होते.

खडकवासल्याच्या बाबतीत देखरेखीचे उजळ उदाहरणही नमूद करणे न्यायाचे होईल. पुण्याच्याच महाविद्यालयात शिकलेले व १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांच्याकडे पुढे ह्या धरणाची व्यवस्था आली. जलाशय अपुरा पडू लागला होता. भिंत उंच करावी किंवा दुसरे धरण बांधावे, हे ठरावीक मार्ग होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे व मिटणारे दरवाजे बसवून १९०३ मध्ये भिंतीला हात न लावता साठा वाढविला. हे सुचण्यासाठी पूर कसा चढतो व कसा उतरतो हे वर्षानुवर्षे पाहिलेले असावे लागते. अशा पाहण्याची किंमत शेकडेवारीने काढू गेल्यास विलक्षण उत्तर येते : त्यांनी नवे मोठे बांधकाम टाळले, म्हणून देखरेखीचा आकारही जवळजवळ शून्य!

ह्याच भिंतीचा शेवट देखरेखीच्या इतिहासातील सर्वांत काळ्या दिवशी झाला. पुण्याची वाढती गरज भागविण्यासाठी खडकवासल्याच्या वर, आंबी नदीवर, पानशेतचे मातीचे धरण १९५७ पासून बांधले जात होते. ते १९६२ मध्ये पुरे व्हावयाचे होते. परंतु १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडविण्याइतके ते वर नेण्यात आले. भिंतीखालून जाणाऱ्या मोरीचे व तिच्या दरवाज्यांचे काम अपुरे असताना पहिलाच पावसाळा जोराचा झाला. मोरीवरील मातीचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे काही तासांत खडकवासल्याची जुनी भिंतही तुटली. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. ज्या शहरात पाणी शिरले होते त्याच शहराला दुसऱ्या दिवसापासून पिण्यास पाणी नव्हते. वाड्यांतील विस्मृत विहिरी उपसण्यात आल्या आणि पेशवाईतील कात्रजच्या नळाची पुन्हा आठवण झाली.

चौकशीसाठी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती बावडेकर ह्यांच्या मृत्यूमुळे पहिल्या आयोगाचे काम अपुरे राहिले, आणि न्यायमूर्ती नाईक ह्यांच्या आयोगाने ते पुरे केले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला मुद्दा असा की पानशेतला देखरेख करणाऱ्यांची वाण नव्हती. धरण बांधणारे शासनाचेच खाते होते व त्यावर देखरेख करणारेही तेच. आस्थापनेचा आकार नियमाप्रमाणे कामावर पडतच होता. नव्हता तो अशा कोणाचा अधिकार, की जो कामाच्या गतीशी हितसंबंध न ठेवता म्हणू शकेल की मोरी पुरी झाल्याखेरीज पाणी अडवू नका. घाई करणाऱ्याला थांबविणे हा देखरेखीचा पहिला धर्म. पण काम थांबले की त्यावरील आकारही थांबतो. हा हिशेब कोणी मनात धरून वागला असे येथे सुचवावयाचे नाही. व्यवस्थेचा कल कोणत्या बाजूस होता एवढेच दाखवावयाचे आहे. खडकवासल्याची भिंत पुढे पुन्हा बांधून घेण्यात आली, आणि पानशेतचे नवे धरणही झाले. धरणांच्या सुरक्षिततेकडे पाहणारी निराळी यंत्रणा राज्यात नंतर उभी राहिली. देशाला त्यासाठी कायदा मिळण्यास २०२१ उजाडले.

मोठ्या धरणांकडून आता लहान नगरांच्या टाक्यांकडे वळावे लागेल. नगरपालिकांच्या पाणीयोजना आखून बांधून देण्यासाठी राज्याने १९७६ च्या अधिनियमान्वये पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळाची तरतूद केली. १९९७ पासून त्याचे नाव महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले. कामाच्या खर्चावर साडेसतरा टक्के आस्थापना, हत्यारे व संयंत्रे ह्यांचा आकार, हे ह्या संस्थेच्या उत्पन्नाचे मुख्य साधन होते. इलाख्याच्या काळातील शेकडेवारी येथे नव्या रूपात अवतरली, परंतु एका महत्त्वाच्या फरकाने. जुन्या खात्याचे पगार सरकारी तिजोरीतून होत आणि शेकडा आकार हा त्यांची भरपाई असे. येथे आकार आला तर पगार, अशी स्थिती झाली.

तरीही ह्या पद्धतीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि टीकाकार ते सहसा सांगत नाहीत. रिसोड किंवा मंगरूळपीर ह्यांच्या आकाराच्या नगराला पाणीपुरवठ्याचा अनुभवी अभियंता कायमचा पदरी बाळगणे परवडणारे नव्हते. मंडळाच्या रूपाने त्यांना तो वाटून घेता आला. मोठ्या शहराच्या योजनेवर जो भरपूर आकार जमे, त्यातून दुर्गम भागातील लहान योजनांचा तोटा भरून निघे. दर एक असल्याने घासाघीस नव्हती, आणि घासाघीस नसल्याने वशिल्याला वाव कमी होता. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनंतर स्थानिक संस्थांना आपली कामे आपण करून घेण्याचे स्वातंत्र्य मिळत गेले. ते इष्टच होते. पण त्याबरोबर कामे प्राधिकरणाकडून निघून जाऊ लागली आणि ही अंतर्गत भरपाई आटली. अखेर २०१७ मध्ये कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा व निवृत्तिवेतनाचा भार शासनाला उचलावा लागला. देखरेख ही शेवटी सार्वजनिक जबाबदारी आहे, कामागणिक विकण्याची वस्तू नव्हे, ह्याची ही अप्रत्यक्ष कबुलीच म्हणावी लागेल.

आता शेकडेवारीतील मूळ दोष एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका नगरात एक कोटी रुपयांची नवी उंच टाकी बांधावयाची आहे. साडेसतरा टक्क्यांप्रमाणे देखरेखीचा आकार साडेसतरा लाख होतो. तीच टाकी पाडावयाची नसून वीस लाखांत दुरुस्त करावयाची आहे असे समजू. आकार साडेतीन लाख. परंतु काम कोणते कठीण? नव्या टाकीत काय पाहावयाचे हे ठरलेले आहे : काँक्रीट ओतण्यापूर्वी सळ्यांचे अंतर, ओतताना मिश्रणाचे ठोकळे भरून अठ्ठावीस दिवसांनी त्यांची ताकद, भिजविणे, आणि शेवटी टाकी भरून ठेवून पाझर. ह्यांतील पहिल्या तीन गोष्टी ठरावीक दिवशी, ठरावीक तासाला हजर राहिल्याखेरीज पाहताच येत नाहीत; दुसऱ्या दिवशी येणाऱ्या अधिकाऱ्याला केवळ गुळगुळीत भिंत दिसते. दुरुस्तीत तर काय सापडेल हेच आगाऊ ठाऊक नसते. गिलावा काढावा तेव्हा आतली सळई किती गंजली ते कळते, आणि त्या क्षणी निर्णय घेणारा जाणता माणूस तेथे उभा असावा लागतो. म्हणजे जेथे नजर अधिक हवी तेथे मोबदला एक-पंचमांश. अशा हिशेबात जीर्ण टाकीविषयी ‘पाडून नवी बांधावी’ हा सल्ला दुरुस्तीच्या सल्ल्यापेक्षा पाचपट फायद्याचा ठरतो. आणि सल्ला देणारा व आकार घेणारा पुष्कळदा एकच असतो. सल्लागार प्रामाणिक असला तरी तराजूचा काटा आधीच एका बाजूस झुकलेला आहे.

मुंबईत ह्या प्रश्नाला अलीकडे मोठ्या प्रमाणावर तोंड फुटले, आणि तेथे तो वेगळ्या रीतीने सुटला म्हणून त्याची नोंद घेणे आवश्यक आहे. मलबार टेकडीवरील जलाशय १८८७ मधला. वर फिरोजशहा मेहता उद्यान आहे; बिलांवर नजर ठेवण्याचा हक्क मागणाऱ्या त्या तरुणाचे नाव ज्या बागेला मिळाले तिच्याच खाली हा वाद उद्भवावा, हा योगायोग म्हणावयाचा. सुमारे १४ कोटी ७० लक्ष लिटर पाणी साठविणारा हा जलाशय पाडून मोठा बांधण्याची योजना महानगरपालिकेने आखली. खर्च ६९८ कोटी रुपये धरला होता, आणि ३८९ वृक्षांना त्याची बाधा पोचणार होती. २०२३ मध्ये रहिवाशांनी हरकत घेतली. वृक्षांवरून सुरू झालेला वाद लवकरच खऱ्या प्रश्नाशी आला : जलाशय खरोखरच मोडकळीस आला आहे काय, आणि हे ठरविले कोणी? मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक व नगरातील तज्ज्ञ ह्यांची समिती नेमण्यात आली. शहराच्या दक्षिण भागाचा पाणीपुरवठा काही काळ कमी करून जलाशयाचे कप्पे रिकामे करण्यात आले आणि माणसे प्रत्यक्ष आत उतरली. समितीच्या सदस्यांत एकमत झाले नाही. दुरुस्ती करताना पर्यायी टाकी आधी बांधावी लागेल की नाही, ह्यावर दोन पक्ष पडले. परंतु संपूर्ण जलाशय पाडून नवा बांधण्याचा बेत मागे पडला, व दुरुस्तीचा विचार पुढे आला.

६९८ कोटींवर साडेसतरा टक्के धरले तर सुमारे १२२ कोटी होतात. महापालिकेचे स्वतःचे जल अभियंता खाते असल्याने हा आकार तेथे लागू नव्हता; तुलनेसाठीच हे गणित केले आहे. त्या रकमेपुढे समितीच्या पाहणीचा खर्च नगण्यच म्हटला पाहिजे. समितीतील मतभेद हाही दोष मानण्याचे कारण नाही. ज्यांचा मोबदला बांधकामाच्या आकाराशी बांधलेला नाही अशा लोकांत मतभेद होणे साहजिक आहे, आणि तो जाहीर होणे उपयोगाचेही आहे.

वाशीमला अशी समिती कोठून मिळणार? मलबार टेकडीच्या रहिवाशांना वकील, वास्तुविशारद आणि वृत्तपत्रे हाकेच्या अंतरावर होती. लहान नगरात टाकी जीर्ण झाल्याचा दाखला देणारे, नव्या टाकीचा आराखडा करणारे आणि तिच्यावर देखरेख करणारे कार्यालय एकच असू शकते, आणि नगरपरिषदेच्या सभेपुढे तिघांचा कागद एकाच दिवशी येऊ शकतो. २०१५ च्या केंद्रीय ‘अमृत’ योजनेत एक लाखावरील शहरेच प्रामुख्याने घेतलेली असल्याने वाशीमसारखी नगरे बाहेर राहिली. त्या योजनेत प्रशासकीय व कार्यालयीन खर्चासाठी राज्यांना आठ टक्के वेगळे काढून दिलेले होते. हे पुन्हा प्रमाणच, परंतु निदान बांधकामाच्या अंदाजपत्रकाबाहेर काढलेले. २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या टप्प्यात सर्व वैधानिक नगरे पात्र ठरली, आणि वाशीम जिल्ह्यातील नगरांचा मार्ग मोकळा झाला. आता ह्या नगरांपुढे प्राधिकरण, खासगी सल्लागार आणि त्रयस्थ तपासनीस असे एकाहून अधिक पर्याय आहेत. पण प्रत्येकाची निविदा किंवा देयक येते ते शेकडेवारीतच.

एक लहानसा बदल कोणत्याही नगरपरिषदेस स्वतःच्या ठरावाने करता येण्यासारखा आहे. देखरेखीचे देयक मंजूर करताना त्याच्यासोबत भेटींचा तपशील मागावा : कोणत्या तारखेला कोण आला, कोणते काँक्रीट त्याच्या डोळ्यांदेखत ओतले गेले, कोणती मापे त्याने पुन्हा घेतली, आणि कोणते काम त्याने नापसंत करून पाडावयास लावले. मोजमाप-पुस्तकात ठेकेदाराचे प्रत्येक घनमीटर नोंदवितात, तसे देखरेख करणाऱ्याचे दिवस नोंदविणारे दुसरे पुस्तक असावे, आणि शेकडा आकार ही कमाल मर्यादा मानून देय रक्कम त्या पुस्तकावरून काढावी. जीर्ण टाकी पाडावयाची की दुरुस्त करावयाची हा दाखला मात्र पुढील कामात ज्यांचा काहीही वाटा नाही अशांकडूनच घ्यावा, आणि त्याचे शुल्क टाकीच्या किमतीवर नव्हे, तपासणीच्या दिवसांवर ठरवावे. अमरावती, अकोला व पुसद येथील अभियांत्रिकी महाविद्यालये वाशीमपासून फार दूर नाहीत. तेथील प्रयोगशाळांत काँक्रीटचे नमुने तपासून घेण्याची सोय आज आहेच.